रागाला डोळे असतात काय?

वाचकहो, रागावलेल्या माणसाचे बोलणे आपण सहसा अर्धेच ऐकतो. ‘आधी शांत हो, मग बोल,’ असे त्याला सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत, ग्रेटा थुनबर्ग ही सोळा वर्षांची स्वीडिश मुलगी हवामानबदलावर संतापून बोलली. तेव्हाही पुष्कळांनी हेच म्हटले, की पोर भावनेच्या आहारी गेली आहे!

आता प्रश्न असा, की राग आला म्हणजे विवेक गेलाच का? गीतेने क्रोधापासून संमोह आणि शेवटी बुद्धिनाश, अशी पायरी दाखविली आहे. ॲरिस्टॉटल हा ग्रीक तत्त्वज्ञ मात्र म्हणतो की योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि बेताने रागावणे हा गुणच आहे. यांचा मेळ कसा घालावा? त्यासाठी आपण एका डोंगरी खेड्यात जाऊ.

आजच्या उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात, रैणी नावाचे गाव आहे. १९७० साली अलकनंदेला महापूर आला. झाडे तुटली की डोंगर सुटतो, हे त्या भागातल्या लोकांनी तेव्हा ओळखले. तरीही रैणीच्या जंगलातील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. २६ मार्च १९७४ रोजी गावातले पुरुष जमिनीच्या भरपाईसाठी चमोलीला गेले होते. नेमके त्याच दिवशी ठेकेदाराचे मजूर जंगलाकडे निघाले. एका मुलीने ते पाहिले आणि धावत जाऊन गौरादेवींना सांगितले. सत्तावीस बायका-मुली निघाल्या. त्यांच्यावर बंदूक रोखली गेली, तरी त्या हटल्या नाहीत. पण मजुरांवर त्यांनी हात उगारला नाही. त्यांना भाऊ म्हणून हाक मारली आणि ‘हे जंगल आमचे माहेर आहे’ असे सांगितले. मजूर पोटासाठी आले होते. राग त्यांच्यावर नव्हता, तोडीवर होता. बेताने रागावणे म्हणतात ते हेच.

पुढे सरकारने वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनेही तेच सांगितले आणि तिथल्या व्यापारी तोडीवर दहा वर्षांची बंदी आली. बायकांची भीती आणि पंडितांचा अहवाल एकाच ठिकाणी पोचले. भीती तेवढी आधी पोचली होती!

पण गोष्ट इथेच संपत नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी याच रैणीवर ऋषिगंगेचा लोंढा आला. त्या खोऱ्यात दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. कोणी म्हणाले हिमनदी फुटली, कोणी म्हणाले तळे फुटले. शास्त्रज्ञांनी उपग्रहाची छायाचित्रे तपासली, तेव्हा कळले की वरच्या शिखराचा खडक आणि बर्फ एकदम कोसळला होता. म्हणजे संकट आहे हे भीती सांगते. ते कोणत्या वाटेने येईल, हे मोजमापच सांगते.

तेव्हा गुरुजनहो, शेतकरी बंधुभगिनींनो, पुढच्या ग्रामसभेत एखादी बाई विहीर आटली म्हणून आवाज चढवील, तर तिला ‘खाली बसा’ म्हणू नका. ‘बाई, तुम्ही काय पाहिलेत?’ असे विचारा. आणि मग दोर घेऊन तिच्याबरोबर विहिरीवर जा, पाणी किती खोल गेले ते मोजा.