खाडा, कोयता आणि आरोग्याचा हक्क

ऊसतोड कामगारांच्या आरोग्याची चर्चा बहुधा दवाखान्याच्या अंतरावर येऊन थांबते. पण बीड जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावकडे निघालेल्या टोळीची अडचण केवळ अंतराची नाही. तिचा आजार मजुरीच्या हिशोबात अडकलेला असतो, आणि हक्कांची आपली सारी रचना हा हिशोब वगळून उभी आहे.

तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती तोडलेल्या टनांतून फिटते. एक जण आजारी पडला तर अर्धा कोयता अशी सोय नाही. दोघांचीही तोड बसते. वर खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाचा दंड उचलीत चढतो. थोडक्यात, तपासणी फुकट असली तरी दवाखान्यात जाणे फुकट नसते. बाई ताप अंगावर काढते, कारखान्याजवळच्या मेडिकलमधून गोळ्या आणते आणि पहाटे पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहते.

कायदा काय म्हणतो? 1979च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर मोफत वैद्यकीय सुविधेची जबाबदारी टाकली होती. मात्र त्यासाठी राज्याची सीमा ओलांडावी लागे. बीडची टोळी कर्नाटकातल्या चिक्कोडीला गेली तर कायदा लागू, कोल्हापुरात थांबली तर नाही. ऊस तोच, कोयता तोच. या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020च्या संहितेतही ही सीमेची अट कायम आहे. कर्मचारी राज्य विम्याची गोष्ट याहून बोलकी आहे. 1948च्या त्या कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले आणि हंगामी उद्योगांच्या यादीत साखरेचे नाव घातले. सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा अपवाद तसाच ठेवला. कामगाराला आजारपणात रोख भत्ता देणारी देशातली सर्वांत जुनी व्यवस्था म्हणजे हा विमा, आणि साखर कारखान्याच्या दारातच ती संपते. तोडणी कामगार तर त्या दाराच्याही बाहेर. कारखान्याच्या लेखी तो मुकादमाचा माणूस.

कायदा सीमेवर अडतो, तर आरोग्यसेवेची आखणी गावाच्या यादीवर चालते. आशाताईंची नेमणूक गावाच्या लोकसंख्येवर होते, अंगणवाडीचे रजिस्टरही गावाचेच. दसऱ्याच्या सुमारास जन्मलेले बाळ घ्या. त्याच्या लसींच्या वेळा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या, म्हणजे तिन्ही हंगामात. तेव्हा ते तोडीवरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत असते; गावाच्या यादीत ‘बाहेरगावी’ आणि कारखान्याजवळच्या उपकेंद्राच्या यादीत नाहीच.

बीडमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांकडेही मजुरीच्या याच हिशोबातून पाहावे लागते. 2019मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. मुकादम जबरदस्ती करतो की खासगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो, यावर वाद झडले. दोन्ही शंका रास्त आहेत, पण माझ्या मते प्रश्न त्याआधी सुरू होतो. न्हाणीघर नाही, पाणी नाही, पाळीतही मोळी डोक्यावर. अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास वर्षानुवर्षे तसाच राहतो. खाडा परवडत नाही, म्हणून औषधोपचाराच्या चार फेऱ्या होत नाहीत. एकदाच कर्ज काढून ‘पिशवी’ काढणे मग हिशोबात बसते. पुढे जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. त्याने शस्त्रक्रियागृहावर पहारा बसला. फडातले काहीच बदलले नाही.

आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेचे कार्ड निरुपयोगी नाही. रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर ते उपयोगी पडते. पण अंगदुखी, जंतुसंसर्ग, रक्तक्षय, गरोदरपणातल्या तपासण्या हे भरतीआधीचे आजार आणि गरजा. बुडालेली मजुरी तर कोणतेच कार्ड भरून देत नाही.

म्हणून हक्क पत्त्याऐवजी कामाशी जोडला पाहिजे. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा भत्ता कोयत्यामागे मिळावा, खाड्याला कायद्याने बंदी असावी आणि दोन्हींची जबाबदारी कारखान्याची असावी. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपावर टनामागे दहा रुपयांची आकारणी ठरलेली आहेच, त्यामुळे पैशाचा मार्ग नव्याने शोधायचा नाही. कामगारांची नोंद नाही, ही सबबही फारशी टिकत नाही. कोणत्या टोळीने कोणत्या शेतातला किती ऊस आणला, हे कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेला लिहिले जाते आणि त्यावरूनच पंधरवड्याचे बिल निघते.