दिनविशेष : २४ ऑक्टोबर १६५७, भिवंडी स्वराज्यात

सप्टेंबर १६५७मध्ये मोगल बादशहा शाहजहान आजारी पडला आणि त्याच्या चार मुलांत तख्तासाठी भाऊबंदकी पेटली. त्यांपैकी विजापूरशी लढणाऱ्या औरंगजेबाचे लक्ष दख्खनवरून उत्तरेकडे वळले. विजापुरातही मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूनंतर अंदाधुंदी माजली होती. शिवाजी महाराजांनी ही वेळ अचूक हेरली.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी मराठ्यांनी आदिलशाहीच्या ताब्यातील कल्याण आणि भिवंडी घेतली. कल्याणबरोबर आबाजी सोनदेवांचे नाव सर्वतोमुखी आहे; भिवंडीची कामगिरी ज्यांच्या नावे नोंदली जाते ते सखो कृष्ण लोहोकरे मात्र खुद्द भिवंडीकरांनाही फारसे ठाऊक नाहीत, याची खंत वाटते. पुढे जानेवारी १६५८मध्ये माहुलीचा किल्लाही हाती आला.

उत्तरेत तख्ताच्या लढाईत औरंगजेबापुढे एप्रिलमध्ये धरमतला मोगल सरदार जसवंतसिंह, मे महिन्यात सामूगढला शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह हरला. तिकडे मोगल सरदार आपसात लढत असताना इकडे स्वराज्य खाडीला भिडले होते. जवळच वसईला आरमारी ताकदीचे पोर्तुगीज होते, म्हणून या किनाऱ्याचे मोल मोठे. कल्याण-भिवंडीच्या खाडीतच १६५९पर्यंत मराठ्यांची लढाऊ गलबते बांधली जाऊ लागली.