दोन पवित्र घरं: जुन्या गोव्यातला न्याय आणि दया

ख्रिस्ती श्रद्धेतला एक जुना आणि अवघड प्रश्न आज आपण घेणार आहोत. देव न्यायी आहे असं म्हणायचं आणि तो दयाळू आहे असंही म्हणायचं, हे दोन्ही एकदम कसं जमतं? गुन्हेगाराला नुसतं सोडून देणाऱ्या न्यायाधीशाला आपण न्यायी म्हणत नाही. आणि पै-पैची वसुली करणाऱ्याला कुणी दयाळू म्हणत नाही. मग एकाच देवाच्या ठायी हे दोन गुण नांदतात कसे?

प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, पण आपण तो इतिहासाच्या अंगाने बघू. त्यासाठी फार लांब जायला नको, जुन्या गोव्यापर्यंत गेलं तरी पुरे. कारण त्या शहरात एके काळी दोन घरं होती आणि दोन्ही घरांना पोर्तुगीज भाषेत एकच नाव होतं: ‘सांता काझा’, म्हणजे पवित्र घर. एक घर दयेचं, ‘मिझेरिकॉर्दिया’. दुसरं इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मन्यायालयाचं. दोन्ही घरं एकाच धर्माची, एकाच ग्रंथाला मानणारी. तरी दोन्हीकडे ‘दया’ या शब्दाचा अर्थ किती वेगळा झाला, ते आपल्याला पाहायचं आहे.

आधी मूळ ग्रंथाकडे जाऊ. अखेरच्या न्यायाचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र मत्तयच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात आहे. राजा सिंहासनावर बसलेला आहे, सगळी राष्ट्रं त्याच्यापुढे उभी आहेत, आणि मेंढपाळ जशी मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तशी तो माणसं वेगळी करतो. पण निकाल कशावर लागतो, हे नीट बघा. राजा सहा गोष्टी मोजतो. भुकेल्याला अन्न दिलं का? तहानलेल्याला पाणी? परक्याला आसरा? उघड्याला वस्त्र? आजाऱ्याची विचारपूस केली का? तुरुंगातल्या माणसाला भेटायला गेलात का? आणि राजा म्हणतो, त्यांच्यासाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत.

म्हणजे या चित्रात न्याय आणि दया समोरासमोर उभ्याच नाहीत. न्यायाच्या दिवशी विचारला जाणारा प्रश्नच मुळी दयेचा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे तिची गरज लागेल.

मध्ययुगातल्या विद्वानांना मात्र हा पेच सुटल्यासारखा वाटला नाही. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने ‘देव माणूस का झाला’ हा ग्रंथ १०९८ च्या सुमारास पुरा केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाप म्हणजे देवाचं देणं बुडवणं. ते देणं नुसतं पुसून टाकलं तर जगाची घडीच विस्कटेल. फेडायला हवं माणसाने, पण तेवढी ऐपत फक्त देवाची. म्हणून जो देवही आहे आणि माणूसही आहे, अशा ख्रिस्ताने ते फेडलं. हिशोब चुकता झाला, पण चुकता केला धनकोनेच. बाराव्या शतकात क्लेअरवोच्या बर्नार्डने हीच गोष्ट दरबारातल्या भांडणासारखी सांगितली. दया, सत्य, न्याय आणि शांती या देवाच्या चार मुली. आदामाचं काय करायचं यावरून त्यांचं वाजतं आणि शेवटी ख्रिस्ताच्या जन्मात त्यांचा समेट होतो.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने एक साधं उदाहरण दिलं. एखाद्याला माझं शंभर नाण्यांचं देणं आहे आणि मी त्याला स्वतःच्या खिशातून दोनशे दिले, तर मी अन्याय केला का? नाही. न्याय पुरा झालाच, वर औदार्य झालं. त्याच्या मते दया न्याय मोडत नाही, ती न्यायाच्या पुढे जाते. पण यात एक अट गृहीत आहे, ती आपण नोंदवून ठेवू: देणाऱ्याने स्वतःच्या खिशातून दिलं पाहिजे.

आता पहिल्या घराकडे वळू. लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लिओनोरच्या पुढाकाराने मिझेरिकॉर्दिया हा बंधुसंघ सुरू झाला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकलं आणि त्या शतकाच्या पूर्वार्धातच ही संस्था इथेही आली. तिचं काम ठरलेलं होतं: दयेची चौदा कृत्यं, सात शरीराची आणि सात आत्म्याची. शरीराच्या सातांपैकी सहा कुठून आली? थेट मत्तयच्या त्या अध्यायातून. सातवं, मृतांना मूठमाती देणं, हे तोबीतच्या पुस्तकातून जोडलेलं. म्हणजे अखेरच्या न्यायाची प्रश्नपत्रिका घेऊन या लोकांनी तिचं रोजच्या कामाचं वेळापत्रक केलं, असं म्हणायला हरकत नाही.

गरिबांना औषधपाणी, अनाथ मुलींना हुंडा, कैद्यांना जेवण, देहदंड झालेल्याला शेवटपर्यंत सोबत आणि नंतर दफन, ही त्यांची कामं. आशियात मेलेल्या पोर्तुगीजांची मालमत्ता त्यांच्या मायदेशातल्या वारसांपर्यंत पोचवण्याचं कामही मिझेरिकॉर्दिया करत असे. ही काही संतांची मंडळी नव्हती. त्यात मानपान होते, प्रतिष्ठेची चुरस होती, आणि सत्ता पोर्तुगीजांच्या हातात होती. तरी त्यांच्या कामामागची समजूत साधी होती: उद्या आपलाही न्याय व्हायचा आहे.

आता जे गोवेकर नव्याने ख्रिस्ती होत होते त्यांच्या कानावर हे सगळं कोणत्या शब्दांत पडत होतं? इथे आपल्या भाषेचा संबंध येतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने ओवी छंदात मराठीतून ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये रायतूर इथे रोमन लिपीत छापलं गेलं. त्यात ख्रिस्ताला वैकुंठराजा म्हटलं आहे. ऐकणाऱ्याला नवा देव जुन्याच ओळखीच्या शब्दांतून भेटत होता.

कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनांत आजही दोन शब्द आहेत. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त परत येईल, हे श्रद्धावचन म्हणताना न्यायासाठी शब्द येतो ‘झडती’. आपल्याकडे झडती म्हटलं की पोलीस आठवतात. पण जुन्या दप्तरांत झाडा आणि झडती हे हिशोबाचे शब्द होते, म्हणजे जमाखर्चाची तपासणी. आणि देवाकडे करुणा मागताना शब्द येतो ‘काकुळट’. मराठीत आपण ‘काकुळतीला आला’ म्हणतो, तोच हा शब्द. पण मजा बघा, मराठीत काकुळत मागणाऱ्याची असते, तर कोंकणीत ती देणाऱ्याची झाली आहे. देवालाच माणसाची काकुळट येते. झडती घेणारा तोच आणि काकुळट येणाराही तोच. अँसेल्मने अख्खा ग्रंथ लिहून जे मांडलं, ते गावातली बाई दोन शब्दांत रोज म्हणत होती.

आता दुसरं घर. इथे एक नाव घ्यायलाच हवं, फ्रान्सिस झेवियरचं. १५४२ मध्ये गोव्यात आल्यावर तो रुग्णालयात राहिला, आजाऱ्यांची सेवा केली, तुरुंगातल्या कैद्यांना भेटला. आणि याच झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतात इन्क्विझिशन आणण्याची मागणी केली. म्हणजे दोन्ही घरांची ओढ एकाच मनात असू शकते. म्हणूनच एका घरात भली माणसं आणि दुसऱ्यात दुष्ट, अशी सोपी वाटणी आपल्याला करता येणार नाही.

झेवियर १५५२ मध्ये वारला. इन्क्विझिशन गोव्यात आलं १५६० मध्ये. आदिलशाहीचा जुना वाडा त्याला मिळाला. स्थानिक लोक त्याला ‘व्हडलें घर’, मोठं घर म्हणत. मधली चार वर्षं, १७७४ ते १७७८, सोडली तर हे न्यायालय १८१२ पर्यंत चाललं. त्याची बहुतेक मूळ कागदपत्रं नष्ट झाली, पण १६२३ पर्यंतच्या सुमारे ३,८०० खटल्यांची यादी लिस्बनमध्ये आहे.

आतून हे घर कसं होतं ते आपल्याला कळतं मुख्यतः शार्ल देलों या फ्रेंच डॉक्टरमुळे. १६७३ मध्ये त्याला दमणला पकडलं. बाप्तिस्म्याबद्दल आणि प्रतिमांच्या पूजनाबद्दल तो काही बोलला, इन्क्विझिशनबद्दल अनादराने बोलला, असे आरोप होते. त्याचं पुस्तक १६८७ मध्ये छापलं गेलं आणि युरोपभर वाचलं गेलं. तो स्वतः भोगलेला माणूस, त्यामुळे त्याचा राग त्यात आहेच, हे धरून वाचायला हवं. पण तो ज्या पद्धती सांगतो त्या इतर ठिकाणच्या इन्क्विझिशनच्या नोंदींशी जुळतात.

पद्धत अशी. आरोप काय, साक्षीदार कोण, हे आरोपीला सांगायचं नाही. त्याने स्वतःच आठवून कबूल करायचं. आणि न्यायाधीश त्याला पुन्हा पुन्हा ख्रिस्ताच्या दयेचं नाव घेऊन विनवणार: बोल, कबुली दे, या घरात दया मिळते. आता विचार करा. कबुली आणि क्षमा हा ख्रिस्ती संस्कारातला अत्यंत नाजूक व्यवहार. तोच इथे चौकशीचं हत्यार झाला. दया आता दान राहिली नाही, ती आमिष झाली. आणि तुरुंग गुप्त. कुणी भेटायला जायचं नाही. मत्तयच्या यादीतलं सहावं कृत्य या पवित्र घरात मनाईत जमा होतं.

जानेवारी १६७६ मध्ये देलोंला इतर कैद्यांबरोबर अनवाणी मिरवणुकीत चालवलं गेलं. पुढे इन्क्विझिशनचा झेंडा. त्यावर संत डॉमिनिकची आकृती, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी, आणि लॅटिनमध्ये दोन शब्द: न्याय आणि दया. पण देलोंने टिपलेली दुसरी खूण जास्त बोलकी आहे. मिरवणुकीच्या मध्ये एक मोठा क्रूस होता. त्यावरच्या ख्रिस्ताचं तोंड पुढच्या कैद्यांकडे होतं, म्हणजे ज्यांचा जीव वाचणार होता त्यांच्याकडे. त्याच्या मागून चालणारे मरणार होते. त्यांच्याकडे ख्रिस्ताची पाठ. यांच्यासाठी आता दया नाही, असा त्याचा अर्थ.

त्या दिवशी मागे चालणारे दोघे होते, एक पुरुष आणि एक स्त्री. स्थानिक ख्रिस्ती, आरोप जादूटोण्याचा. त्यांच्याबरोबर मेलेल्या आरोपींच्या अस्थींच्या पेट्याही होत्या. मृतांचीही झडती माणसांनीच घेतली होती. पुढे त्या दोघांना सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करताना न्यायालयाने रीतीप्रमाणे विनंती केली, की यांच्याशी दयेने वागा. त्या विनंतीचा अर्थ काय होतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. देलों स्वतः वाचला. त्याला पाच वर्षं सक्तमजुरी झाली आणि ती पोर्तुगालमध्ये भोगायला पाठवलं गेलं.

आता आपला मूळ प्रश्न परत घेऊ. अँसेल्मच्या मांडणीत क्रूस ही अशी जागा आहे जिथे न्याय आणि दया एकत्र येतात, आणि किंमत न्यायाधीश स्वतः मोजतो. गोव्याच्या रस्त्यावर तोच क्रूस दोघांमधली सीमारेषा झाला. कशामुळे? आम्हाला असं वाटतं, की इन्क्विझिशनला दया माहीत नव्हती असं नाही. तो शब्द तर त्याच्या झेंड्यावर होता. अडचण दुसरीकडे होती. देवाचे दोन्ही अधिकार, झडती घेण्याचा आणि काकुळट करण्याचा, त्याने स्वतःकडे घेतले, पण देणं आपल्या खिशातून काही नाही. आणि आपण स्वतःही त्या झडतीच्या रांगेत उभे आहोत, हे तो विसरला. मिझेरिकॉर्दियाचा बंधू भाकरी घेऊन तुरुंगात जाताना स्वतःला आरोपी समजत होता. व्हडल्या घरातला न्यायाधीश स्वतःला राजाच्या जागी समजत होता.

हे आपण आज बाहेरून म्हणतोय असंही नाही. मत्तयच्याच अठराव्या अध्यायात त्या चाकराची गोष्ट आहे. त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज राजा माफ करतो, आणि तो बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजा मग आपली माफी मागे घेतो. त्या काळीही चर्चच्या आत विरोध होता. जेझुइट आंतोनिओ व्हिएराने टीका केली आणि १६७४ मध्ये पोपने पोर्तुगालमधल्या इन्क्विझिशनचं काम थांबवलं. १६८१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, ही गोष्ट वेगळी.

पुढे १२ मार्च २००० रोजी रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांसाठी जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली वापरलेली जबरदस्ती त्यात होती. त्याने त्या दोघांना काय मिळालं, असं कुणी विचारलं तर उत्तर आपल्याजवळ नाही. पण निदान एका दिवसापुरतं चर्च न्यायाधीशाच्या आसनावरून उतरून कबुली देणाऱ्याच्या जागी येऊन उभं राहिलं. मत्तयचा अध्याय सगळ्यांना तिथेच उभं करतो.

आज जुन्या गोव्यात व्हडलें घर उरलेलं नाही. तिथे गेलात तर लोक तुम्हाला चर्चं दाखवतील. ती बघाच. पण त्या रस्त्यांवरून चालताना क्रूसामागून चाललेल्या त्या दोघांचीही आठवण ठेवा.