वाढवणं आणि बंद करणं

दुकान आपण बंद करत नाही, वाढवतो. आधी गल्ला मोजायचा, माल आत घ्यायचा, मग फळ्या लावायच्या. संगणकातही ही दोन कामं बराच काळ वेगळी होती. आवराआवर सॉफ्टवेअरने करायची, फळ्या माणसाने लावायच्या.

वेळ ठरवून आवरायची सोय मात्र जुनी. १९८०च्या बीएसडी युनिक्समध्ये ‘शटडाउन’ ही आज्ञा आली. एका यंत्रावर अनेकजण काम करत बसलेले असायचे, म्हणून तिला वेळ सांगायची. मग सगळ्यांच्या पडद्यांवर ‘आवरा’च्या सूचना झळकत, घटका जवळ येईल तशा लागोपाठ, शेवटच्या पाच मिनिटांत नव्याला प्रवेश नाही. यामागे वीजबचत नव्हती, शेजारधर्म होता.

घरच्या पीसीला हे सुख नव्हतं. कॅबिनेटचं बटण थेट विजेची लाइन तोडायचं. विंडोज ९५ आवरून झालं की पडद्यावर नारिंगी अक्षरं येत: आता बंद करायला हरकत नाही. (ती अक्षरं म्हणजे ‘लोगोज डॉट सिस’ नावाची फाइल. नाव भारदस्त, आत साधं चित्र. हौशी लोक ते बदलून आपलं चित्र लावत.)

१९९५ साली इंटेलने एटीएक्स रचना आणली आणि वीजपुरवठ्याच्या दोन वायरींनी काम केलं. जांभळीत पाच व्होल्ट कायम. हिरवी मदरबोर्डने ग्राउंडला जोडली की एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, सुरू; सोडली की बंद. बटण आता लाइन तोडत नव्हतं, नुसती वर्दी देत होतं. आणि हिरवी वायर सॉफ्टवेअरच्या सांगण्यावरूनही सुटू लागली. डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक काढून झोपेच्या पायऱ्या ठरवल्या: एस-३मध्ये वीज मेमरीपुरती, एस-४मध्ये मेमरीतलं सगळं डिस्कवर, एस-५ म्हणजे बंद.

जांभळ्या वायरीमुळे उठवणंही जमलं. निजलेल्या यंत्राचं नेटवर्क कार्ड कान देऊन असतं. त्याला जाणारा ‘मॅजिक पॅकेट’ म्हणजे आधी एफएफ हा बाइट सहा वेळा, मग त्या कार्डाचा पत्ता सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. पोराला शाळेसाठी उठवताना आईही साधारण तेवढ्याच हाका मारते.

आजची वेळ लावून पीसी बंद करणारी कित्येक ॲप्स याच व्यवस्थेचा मुखवटा. विंडोजची शटडाउन आज्ञा सेकंदांत मोजते. तासाभराने बंद व्हायला ३६०० लिहायचं. सगळंच अडलं तर बटण चारेक सेकंद दाबून धरायचं. जांभळ्या वायरीतले पाच व्होल्ट तेव्हाही असतातच. ते घालवायचे तर भिंतीवरचं बटण बंद करायचं.