बंगलोर क्लब

बेंगळूरच्या रेसिडेन्सी रस्त्यावरील ब्रिटिश अमदानीतील ख्यातनाम संस्था. स्थापना १८६८, मूळ नाव ‘बंगलोर युनायटेड सर्व्हिस क्लब’. ज्या शहरी शहाजीराजांची जहागीर नांदली, तेथेच पुढे इंग्रजांची मोठी लष्करी छावणी वसली आणि तिच्यातील अंमलदारांच्या विरंगुळ्यासाठी हा क्लब निघाला.

ऑक्सफर्डच्या ‘ईगल अँड चाइल्ड’ या मद्यगृहास टोल्किन व लुइस या लेखकांच्या बैठकींमुळे जे वाङ्मयीन माहात्म्य लाभले, तशा स्वरूपाचे माहात्म्य या वास्तूस विन्स्टन चर्चिल यांच्यामुळे आले. १८९६ मध्ये चौथ्या हुसार पलटणीबरोबर बेंगळूरास आलेल्या या तरुण लेफ्टनंटाने, सकाळची कवायत व सायंकाळचा पोलो यांमधील दुपारच्या उन्हाच्या प्रहरी, आईने विलायतेहून धाडलेले गिबन व मेकॉले यांचे ग्रंथ झपाटल्यागत वाचून काढले. मलकंदच्या मोहिमेवरील पहिला ग्रंथ (१८९८) त्याने येथेच लिहिला, आणि १९५३ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या भारदस्त गद्याची खरी पाठशाळा हीच छावणी होय, असे निःशंकपणे म्हणता येते.

क्लबच्या दप्तरी, जून १८९९ च्या इतिवृत्तात, वसूल न होणाऱ्या येणे रकमांच्या यादीत चर्चिलच्या नावे तेरा रुपये मांडलेले आहेत. ती वही काचेच्या पेटीत जतन केली आहे. प्रवेश सभासदांस व त्यांच्या पाहुण्यांसच असल्याने, जिज्ञासूने एखाद्या सभासदाची ओळख काढूनच ती पाहावी.