ब्रश कटर सुरूच होत नाही? मिस्त्रीकडे नेण्याआधी हे बघा

बांधावरचं गवत आणि बागेतलं तण काढायला पेट्रोलचा ब्रश कटर आता बऱ्याच शेतकऱ्यांकडे आहे. पावसाळा संपला की तो गोठ्याच्या कोपऱ्यात जातो. पुढच्या जूनमध्ये बाहेर काढला की दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण यंत्र काही सुरू होत नाही. मिस्त्री आठ दिवसांचा वायदा करतो, आणि तण काय आठ दिवस थांबत नाही.

अशा वेळी इंजिन गेलं असं समजू नये. बहुतेक वेळा दोष पेट्रोलचा असतो. टाकीत महिनोनमहिने राहिलेलं पेट्रोल शिळं होतं. त्यातला लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून पहिलं काम म्हणजे जुनं पेट्रोल काढून टाकून ताजं भरणं. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवलं, तर हा त्रास बराच टळतो.

दुसरी चूक ऑइलची. टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. १:५० असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. बरेच जण झाकणाने अंदाजे ओततात. ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम होतो आणि तो खर्च मोठा असतो. जास्त झालं तर धूर येतो, प्लग काळा पडतो. फोर-स्ट्रोक यंत्राचं ऑइल वेगळं भरायचं असतं, त्याच्या पेट्रोलमध्ये काहीही मिसळू नये.

पेट्रोल बदलूनही सुरू होत नसेल तर प्लग काढून बघा. ओला असेल तर चोक जास्त दिला गेलाय. चोक बंद करून, प्लग बाहेर ठेवूनच पाच-सहा वेळा दोरी ओढा, प्लग पुसून वाळवा आणि मग बसवा. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये. टाकीतला छोटा फिल्टर तुंबलाय का, नळीला चीर गेलीय का ते पाहा. नवीन प्लग एक जादा घरात ठेवावाच. तो बदलून बघितल्याने निम्मी शंका मिटते.

सुरू होतं पण दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतं, ही तक्रार वेगळी. यात टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र मातीने बुजलेलं असू शकतं. यंत्र गार झाल्यावर झाकण सैल करून पुन्हा घट्ट लावा आणि चालवून बघा. तेवढ्याने ठीक चाललं आणि थोड्या वेळाने परत बंद पडलं, तर छिद्र साफ करा. झाकण सैल ठेवून काम मात्र करू नका. पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं तर भडका उडेल.

रेस दिली की दम सोडत असेल तर एअर फिल्टर किंवा सायलेन्सरची जाळी तुंबलेली असते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा, कागदी धुऊ नये. कार्बोरेटरचे स्क्रू मात्र पिळत बसू नका. दोरी एकदम हलकी, बिनजोर येत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय, तिथे मिस्त्रीच हवा.

रेस सोडल्यावरही पातं फिरत राहत असेल तर ते यंत्र वापरूच नये. आयडलिंगचा स्क्रू पुस्तिकेप्रमाणे कमी करा, तरी फिरलं तर क्लच बघून घ्या. पात्यात अडकलेलं गवत काढताना यंत्र बंद करून प्लगची टोपी काढावी. काम चालू असताना पोरं-जनावरं किमान ५० फूट लांब असावीत, दगड उडून डोळ्याला लागतो.

यंत्र नवीन असेल तर स्वतः खोलू नका, वॉरंटी जाते. पक्कं बिल जपून ठेवा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.