एमसीबी असूनही शॉक का बसतो?

खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर वीज कंपनीच्या जबाबदारीत येते. मीटरच्या पुढचं वायरिंग मात्र ग्राहकाचं. अंगणातला दिवा, बोअरचा पंपही त्यातच आला.

१६ अँपिअरचा एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो. माणसाचा जीव मात्र त्याहून कितीतरी कमी करंटने जाऊ शकतो. तिथे आरसीसीबी लागतो. करंट बाहेर गळून ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावं.

पावसाळ्यात पत्र्याच्या शेडला किंवा कपडे वाळत घालायच्या तारेला वायर टेकू देऊ नये. अर्थिंग तपासून घ्यावं. नवं वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करावं, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे.